संथ पाण्याचा हिशेब : कॅन्सस नदीत पहिल्यांदा होडी घालताना

पुलावरून बघितली तर कॅन्सस नदी कुणाला बोलावत नाही. रुंद, गढूळ, मधेमधे वाळूचे पट्टे, काठाने कॉटनवुडची झाडं. अमेरिकेत कॅन्सस सिटी, ओव्हरलँड पार्क, लॉरेन्स भागातल्या मराठी घरांत लाँग वीकेंडचे बेत ठरतात ते कोलोरॅडोचे, नाहीतर ओझार्कचे. ही नदी हायवेवरून ओलांडण्यापुरतीच. पण ज्यांनी आयुष्यात वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांच्यासाठी आसपास याहून सोयीचं वाहतं पाणी नाही. तिचे हिशेब तेवढे आधी समजून घ्यावे लागतात.

जंक्शन सिटीजवळ रिपब्लिकन आणि स्मोकी हिल या दोन नद्यांचा संगम होतो, तिथे ती सुरू होते. मग 173 मैल पूर्वेला वाहत कॅन्सस सिटीत कॉ पॉइंटला मिझुरी नदीला मिळते. इथले लोक तिला नुसतं 'कॉ' म्हणतात, पुढे मीही तेच म्हणतो. सगळं पात्र प्रेअरीच्या सपाटीतलं, उतार मैलाला जेमतेम दोन फूट. त्यामुळे खडक, धबधबे, फेसाळतं पाणी यातलं काही नाही. नवख्या माणसाला इथे त्रास होतो तो अंतराचा, वाऱ्याचा, विसर्गाचा आणि पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांचा. यातल्या पहिल्या तिन्हींचा निकाल शुक्रवारी रात्री घरी बसूनच लागतो, म्हणून इथली निम्मी माहिती पाण्याबाहेरची आहे.

टप्पा ठरवा

कॅन्सस राज्यात बहुतेक नद्यांचं पात्र शेजारच्या जमीनमालकाच्या मालकीचं असतं. कॉ, आर्कान्सा आणि मिझुरी या तीनच नद्या सर्वांना खुल्या आहेत. 2012 मध्ये कॉला 'नॅशनल वॉटर ट्रेल' म्हणजे वल्ह्याच्या सफरींसाठीच्या राष्ट्रीय जलवाटेचा दर्जा मिळाला. नदीकाठच्या गावांत होड्या उतरवायला काँक्रीटचे रॅम्प आहेत आणि दोन रॅम्पमधलं अंतर म्हणजे एक टप्पा. वाळूचे पट्टे सार्वजनिक, तिथे थांबा, जेवा, तंबू ठोका. काठावरची जमीन मात्र खासगी. दरड चढून वर जायचं नाही. झाडाच्या खोडावर जांभळ्या रंगाचा पट्टा दिसला तर तो परवानगीशिवाय आत येऊ नका असं सांगण्यासाठी मारलेला असतो. पाटीची गरज नाही, कायद्याने तेवढी खूण पुरते.

पहिल्या वेळेला माझं मत युडोरा ते डी सोटो या टप्प्याला. साधारण दहा-अकरा मैल, मधे एकही बंधारा नाही, आणि ओव्हरलँड पार्कहून दोन्ही गावं जवळ. युडोराला वाकारुसा ही छोटी नदी कॉला मिळते, त्या संगमाजवळ होड्या उतरवता येतात. सुरुवातीची दहा-वीस मिनिटं शांत, अरुंद पाण्यात हात बसतो आणि मग मोठं पात्र उघडतं. डी सोटोचा रॅम्प उजव्या काठाला आहे. पूल दिसू लागला की उजवी बाजू धरायची.

कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावाकडची (न्यूयॉर्कचं नव्हे) मंडळी असाल तर सेंट जॉर्ज ते वामेगो करा. तिथे पाणी जरा नितळ, वाळू जास्त, आणि फ्लिंट हिल्सच्या टेकड्या जवळ. खरं सांगायचं तर देखणा टप्पा हाच. पण कॅन्सस सिटीहून गाडी चालवण्यातच सकाळ जाते.

लेकॉम्प्टन ते लॉरेन्स हा टप्पा बरेच जण सुचवतात. नवख्यांनी तो पहिल्यांदा करू नये, कारण त्याचा शेवट बंधाऱ्याच्या तोंडाशी आहे.

बंधारे : इथे तडजोड नाही

लॉरेन्सचं बाउअरसॉक धरण 1874 पासूनचं, आजही त्यावर वीज तयार होते. टोपेकाला शहराच्या पाण्यासाठी बंधारा आहे, आणि डी सोटोच्या खाली, कॅन्सस सिटीच्या वेशीवर, जॉन्सन काउंटीला पाणी उचलण्यासाठी आणखी एक. यातला शेवटचा दिसायला सगळ्यात साधा आणि सगळ्यात वाईट.

होडीत बसलेल्या माणसाला वरच्या अंगाने बंधारा दिसतच नाही. पाणी पुढे गुळगुळीत आडव्या रेषेत संपल्यासारखं वाटतं, एवढंच. पाणी काठावरून खाली पडतं आणि तळाशी आपटून पुन्हा बंधाऱ्याकडेच वळतं. त्या गोल फिरणाऱ्या पाण्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही, लाइफ जॅकेट घातलेला माणूससुद्धा नाही. आपल्याकडे केटी बंधाऱ्याखाली पोहायला उतरलेली पट्टीची पोरं बुडतात ती याच कारणाने. उंची चार-पाच फुटांची असली तरी फरक पडत नाही.

म्हणून नियम सोपा ठेवा : पहिल्या काही सफरींत बंधारा असलेला टप्पा घ्यायचाच नाही. आणि उतरण्याचा रॅम्प चुकला तर पुढे काय आहे, हे निघण्याआधी नकाशावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवायचं. डी सोटो चुकलं तर पुढे बरेच मैल साधी नदीच आहे, वेळ मिळतो. लॉरेन्सचा रॅम्प चुकला तर मिळत नाही.

विसर्ग बघा

पावसाळ्यात 'खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग सुरू' ही बातमी ऐकत वाढलेल्यांना हा भाग शिकवावा लागत नाही. इथेही तेच एकक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. अमेरिकेच्या भूगर्भशास्त्र खात्याची म्हणजे यूएसजीएसची मापकं फोर्ट रायली, वामेगो, टोपेका, लेकॉम्प्टन, डी सोटो इथे बसवलेली आहेत आणि त्यांचे आकडे दिवसभर वेबसाइटवर येत राहतात. युडोरा-डी सोटोसाठी डी सोटोचं मापक, सेंट जॉर्जसाठी वामेगोचं.

माझा ठोकताळा असा. हजार क्युसेकच्या खाली असेल तर दर थोड्या वेळाने उतरून होडी वाळूवरून ओढावी लागेल. पोरांना मजा येते, कंबर धरलेल्यांना येत नाही. दीड ते साडेतीन हजार हे पहिल्या सफरीचं पाणी. पाच हजारांच्या वर नवख्यांनी जाऊच नये. वाळूचे पट्टे बुडतात, थांबायला जागा उरत नाही, आणि धार झाडांतून जोरात जाते.

नुसता आकडा बघून भागत नाही, आलेखाची रेघ कुठे चालली आहे तेही बघा. तीन हजारांवरून उतरणारं पाणी आणि तीन हजारांकडे चढणारं पाणी यात फार फरक. चढत्या पाण्याबरोबर ओंडके येतात, फांद्या येतात, तपकिरी फेस येतो. आणि ते तुमच्या गावात पाऊस न पडताही चढतं. टटल क्रीक, मिलफर्ड, पेरी, क्लिंटन ही धरणं उपनद्यांवर आहेत आणि त्यांतून किती पाणी सोडायचं हे लष्कराचं अभियंता दल ठरवतं. 13 जुलै 1951 ला कॅन्सस सिटीजवळ या नदीतून पाच लाख दहा हजार क्युसेक पाणी गेलं. कॉच्या खोऱ्यात पूर अडवण्याच्या कामाला खरा जोर आला तो त्यानंतर. आज आकडा हाताशी असतो, तेव्हा तो बघून निघायचं. गुरुवारी एकदा, शनिवारी सकाळी निघताना एकदा.

मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस तसंही थांबावं. शेतांतलं आणि गुरांच्या गोठ्यांतलं सगळं वाहून पाण्यात आलेलं असतं. अंगावर जखम असेल तर त्या पाण्यात हात बुडवायचा नाही, आणि नदीचं पाणी कधीच प्यायचं नाही.

वारा

नवखी माणसं पावसाचा अंदाज बघतात, वाऱ्याचा नाही. प्रेअरीवर वाऱ्याला अडवायला काही नाही. कॉ पूर्वेला वाहते आणि उन्हाळ्यात वारा बहुतेक दक्षिणेकडून येतो, म्हणजे तो आडवा लागतो. वळणावर नदी दक्षिणेला फिरली की थेट तोंडावर. ताशी पंधरा मैलांच्या वाऱ्यात वल्हवणं थांबवलंत तर होडी जागची हलत नाही, कधी उलटी मागे जाते. दहापर्यंत ठीक, पंधराच्या पुढे बेत रद्द किंवा टप्पा निम्मा. सकाळी वारा कमी असतो, म्हणून आठला पाण्यात असणं हे अकराला असण्यापेक्षा दुप्पट सोपं. मराठी ग्रुपचं 'सातला निघू' म्हणजे किती, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना सहा सांगा.

गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर. एप्रिल-मे-जून वादळांचे महिने. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. ऊन उतरलेलं असतं, पाणी स्थिर असतं, कॉटनवुड पिवळे व्हायला लागतात. आई-बाबा इकडे आलेले असतील आणि त्यांना न्यायचं असेल तर जुलैच्या दुपारी अजिबात नाही. वाळू तापते आणि सावली दोन दोन तास मिळत नाही.

वेळ आणि गाड्या

दहा मैलांना किती वेळ? पाणी आणि वल्हं मिळून ताशी दोन-अडीच मैल धरा. जेवण, पोहणं, फोटो मिळवून पाच-सहा तास. सूर्यास्ताच्या आधी दोन तास हातात राहतील असा बेत हवा.

नदी परत आणून सोडत नाही, म्हणून दोन गाड्या लागतात. सगळे आधी चढण्याच्या रॅम्पवर जमतात, होड्या आणि सामान उतरवतात. बाकीचे तिथेच थांबतात आणि दोन चालक दोन गाड्या घेऊन शेवटच्या रॅम्पवर जातात. एक गाडी तिथे लावून दुसरीतून दोघे परत. हे आलटूनपालटून करण्यात सहज तास जातो, तो हिशेबात धरा. शेवटी लावलेल्या गाडीची किल्ली कुणाजवळ आहे हे होडी ढकलण्याआधी मोठ्याने विचारा. हसू येईल इतकं साधं आहे, पण किल्ली वरच्या गाडीतल्या जाकिटात राहणं हा कॉवरचा सगळ्यात नेहमीचा घोळ आहे. किल्ली पाणीबंद पिशवीत, पिशवी होडीला बांधलेली.

हे सगळं एकट्याच्या जिवावर करायचं नसेल तर फ्रेंड्स ऑफ द कॉ ही नदीसाठी काम करणारी संस्था माहीतगार माणसांबरोबर सफरी काढते. पहिली सफर त्यांच्याबरोबर केली तर पुढचा निम्मा अभ्यास वाचतो.

होडी कोणती

लहान मूल बरोबर असेल तर कनू, म्हणजे लांबट उघडी होडी. दोन मोठे टोकांना, मूल आणि डबे मधे. नाहीतर बसायला वर उघडी जागा असलेली कयाक, उलटली तरी आत पाणी भरून बुडत नाही आणि पुन्हा चढता येतं. लांब, निमुळत्या समुद्री कयाकचा इथे उपयोग नाही. दुकानात मिळणाऱ्या फुगवायच्या गाद्या आणि रबरी टायर कृपा करून नेऊ नका. संथ पाण्यात त्या सरकत नाहीत, वाऱ्यात आवरत नाहीत, आणि झाडाची एक फांदी लागली की संपल्या. मोटारीच्या होडीचा मोह असेल तर आधी नोंदणी करावी लागते, आणि पाणी इतकं उथळ की साधा पंखा वाळूत रुततो. वल्ह्याच्या होडीला नोंदणी लागत नाही.

त्याआधी एक संध्याकाळ शॉनी मिशन पार्कच्या तलावावर घालवा, तिथे उन्हाळ्यात कयाक भाड्याने मिळतात. सरळ जाणं, थांबणं, वळणं आणि काठाजवळ मुद्दाम उलटून परत चढणं, एवढं जमलं की पुरे.

बरोबर काय घ्यायचं

माणशी एक लाइफ जॅकेट, कायद्यानेच. 12 वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांनी ते घातलेलंच हवं. मोठ्यांना नुसतं जवळ ठेवलं तरी चालतं असं कायदा म्हणतो, पण माझ्या ग्रुपमध्ये ते चालत नाही. जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर पट्टे सैल आहेत.

पाणी माणशी तीन-चार लिटर, त्यातलं एक बाटली लिंबू-मीठ-साखरेचं. पायात पट्ट्याच्या सँडल, कारण स्लिपर काठच्या चिखलात पहिल्या पावलालाच राहते. पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, जीन्स नाही. चष्म्याला दोरी. शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला. थोडी दोरी, प्रथमोपचाराची पिशवी, एक जादा वल्हं. दारू गाडीतही नको.

खाण्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काकडी. दह्याचं काही नको, आणि हाताने मोडून खाता येईल असंच. चमच्यात वाळू येते. शौचासाठी रॅम्पवरची सोय आधी वापरून घ्या, आणि पुढच्या वाटेसाठी बंद होणारी पिशवी बरोबर ठेवा. जे नेलं ते सगळं परत.

घरी राहणाऱ्या एका माणसाला रॅम्पची नावं, माणसांची संख्या आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर 911 लावायचा, हे लिहून पाठवा.

पाणी वाचणं

वळणावर खोल धार बाहेरच्या अंगाला असते. तिथेच दरड कोसळते आणि झाडं मुळांसकट पाण्यात पडतात. आतल्या अंगाला वाळू आणि उथळ पाणी. धारेत राहायचं, पण बाहेरच्या काठाला चिकटायचं नाही, दोन्हींच्या मधली वाट धरायची. चुरगळलेल्या कागदासारखं चमचमणारं पाणी दिसलं तर ते वीतभर खोल आहे, गडद आणि गुळगुळीत असेल तर होडी जाते. पाण्यावर टोक तुमच्याकडे केलेला बाण उमटला असेल तर त्या टोकाखाली ओंडका आहे. टोक पुढे, प्रवाहाकडे असेल तर ती मोकळी वाट. हे कुणी तोंडी सांगितलं तर डोक्यात राहत नाही. पहिल्या तासात पुढच्या होडीने प्रत्येक बाण मोठ्याने सांगायचा, मग मागच्यांना आपोआप दिसायला लागतं.

पाण्यात पडलेलं झाड हाच या नदीतला खरा धोका. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस आणि होडी अडकून राहतात. लांबूनच दिशा बदला, जवळ गेल्यावर नाही. पुलाच्या खांबांचं तसंच. कुठे कुठे वाळू उपसणारी यंत्रं असतात, त्यांच्या तारा पाण्यातून जातात, तिथे काम चालू असेल तर लांबच्या काठाने जा.

उलटलात तर आधी माणसं मोजा, सामान नंतर. होडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला राहा. खालच्या बाजूला राहिलात तर भरलेली होडी तुम्हाला झाडावर दाबेल. पाठीवर तरंगा, पाय पुढे आणि पाण्याच्या वर. गुडघ्याच्या वर वाहत्या पाण्यात उभं राहायची घाई करू नका, पाय गाळात अडकतो. झाडाकडेच ओढले जात असाल तर उलट करा : पालथे व्हा, जोरात पोहत जा आणि फांदीवर अंग वर टाका.

वाळूच्या पट्ट्यावर

थांबायला पट्ट्याचा वरचा, म्हणजे प्रवाह येतो तिकडचा, निमुळता उतार चांगला. खालचं टोक फसवं. घोट्याएवढ्या पाण्यात चालणारं मूल पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या डोहात जातं, कारण वाळू तिथे एकदम तुटते. वल्हं पुढे टोचत चाला, मुलांची जॅकेटं जेवतानाही काढू नका. वसंत-उन्हाळ्यात उघड्या वाळूवर टर्न, प्लोव्हरसारखे पक्षी घरटं न बांधता नुसत्या खळग्यात अंडी घालतात. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला तर तिथून निघा.

लॉरेन्सच्या धरणाखाली चंदेरी कार्प मासे आहेत. बाहेरून आलेली जात, मोटारीच्या आवाजाने पाण्याबाहेर उड्या मारतात. वल्ह्याच्या होडीला सहसा त्रास नाही, पण एखादा उडून मांडीवर आला तर ओरडून होडी उलटवू नका. वाळूत कधी जुनी हाडं सापडतात, पुष्कळदा बायसनची. बघा, फोटो काढा, ठेवून द्या.

रात्री राहण्याची हौस दुसऱ्या-तिसऱ्या सफरीला पुरवा. तंबू पट्ट्याच्या सगळ्यात उंच भागावर, होड्या तंबूजवळ ओढून आणि बांधून. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. मधे जाग आली की टॉर्च मारून बघायचं. काडी पाण्यात गेली असेल तर विसर्ग वाढला आहे, सगळ्यांना उठवा.

घरी आल्यावर

होडी रॅम्पवरच धुवा, आतलं सगळं पाणी ओता आणि दुसऱ्या तलावात नेण्याआधी पूर्ण वाळू द्या. झेब्रा शिंपले नावाचा नखाएवढा उपद्रवी जीव असाच ओल्या होड्यांतून एका तलावातून दुसऱ्यात पसरतो, आणि त्याच्या कडा पायाला ब्लेडसारख्या लागतात. बरोबर नेलेलं मासे पकडायचं जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात सोडायचं नाही, तो गुन्हा आहे. होडी भाड्याची असेल तर परत देण्याआधी तळ उलटा करून बघा. वाळूवर ओढल्याचे ओरखडे चालतात, चीर असेल तर मालकाला तिथेच दाखवा.